पहाटे ४ वाजून ४३ मिनिटं

बिघाडाच्या काही आठवडे आधी. कॅनडातली रॉजर्स ही दूरसंचार कंपनी आपलं मुख्य (कोअर) आयपी नेटवर्क अपडेट करायला घेते. काम सात टप्प्यांचं. सुरुवातीला शेरा: जोखीम जास्त.

जुलै २०२२. पाच टप्पे पार पडलेत. आधीचं काम नीट झालं की पुढच्याची जोखीम खाली आणायची, असा कंपनीचा हिशेब. सहाव्या टप्प्यावर शेरा येतो: जोखीम कमी. त्यामुळे छाननीही कमी. या टप्प्यात नेमकं काय पुसलं जाणार, याला त्या हिशेबात पुरेसं वजन मिळालं नाही. सगळ्या घटनाक्रमात मला हाच निर्णय सर्वांत जास्त खटकतो.

शुक्रवार, ८ जुलै, पहाटे ४:४३. वितरण राउटरांच्या कॉन्फिगरेशनमधून एक फिल्टर काढला जातो. मार्गांची कोणती माहिती कोअर राउटरांपर्यंत जाऊ द्यायची, ते हा फिल्टर ठरवत असे.

४:४५. मार्गांच्या माहितीचा लोंढा कोअरवर आदळतो. इतके मार्ग घ्या, पुढचे नाकारा, अशी मर्यादा तिथे घातलेली नाही. राउटर काही मिनिटांत कोसळतात. मोबाइल आणि घरचं इंटरनेट एकाच कोअरवर. दोन्ही बंद.

पहाट ते सकाळ. इंजिनिअरांना राउटरमध्ये शिरता येत नाही. व्यवस्थापनाचं नेटवर्कही त्याच कोअरवर उभं आहे. लॉग दिसत नाहीत. कर्मचाऱ्यांचे फोनही रॉजर्सचेच, म्हणजे मुके. दूरच्या केंद्रांवर दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं पोचवावी लागतात. तेव्हा कुठे माणसं एकमेकांशी बोलू लागतात.

दिवसभर. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक तुटलेले. इंटरॅक या कॅनडातल्या व्यवस्थेचं डेबिट पेमेंट ठप्प, दुकानदार रोख मागतात. मोबाइलचे टॉवर मात्र हवेत सिग्नल सोडतच आहेत. फोनला वाटतं नेटवर्क आहे. तो रॉजर्सलाच धरून राहतो आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाचा कॉल दुसऱ्या कंपनीकडे वळत नाही. टॉवर पूर्ण बंद पडले असते, तर तो वळला असता.

संध्याकाळी ७ च्या सुमारास. टोरांटोच्या रॉजर्स सेंटरमधला गायक द वीकेंडचा कार्यक्रम पुढे ढकललेला. बिघाडाला सुमारे १४ तास झालेत. पहाटे काढलेला फिल्टर हेच मूळ कारण, हे आत्ता कुठे पक्कं होतं.

शनिवार, ९ जुलै, सकाळ. सुमारे २६ तासांनी बहुतेक ग्राहकांची सेवा परत येते. पुढे कंपनी मोबाइल आणि घरच्या इंटरनेटचे कोअर वेगळे करायचं जाहीर करते.