'बेसामे मुचो' : बीटल्सचे तेहतीस वर्षे पडून राहिलेले गीत

बीटल्सने ६ जून १९६२ रोजी लंडनमधील ईएमआयच्या स्टुडिओत (पुढे 'ॲबी रोड' नावाने प्रसिद्ध झालेल्या) चार गीते ध्वनिमुद्रित केली. त्यांपैकी तीन लेनन-मॅकार्टनी यांची स्वतःची होती. चौथे होते 'बेसामे मुचो', गटातील कोणाच्याही कळत्या वयापूर्वीचे एक मेक्सिकन बोलेरो. हे गीत अधिकृतपणे श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यास नोव्हेंबर १९९५ उजाडला.

मूळ रचना कोन्सुएलो वेलास्केस (१९१६-२००५) या मेक्सिकन पियानोवादिकेची. 'मला खूप चुंबने दे' असा शीर्षकाचा अर्थ असलेले हे गीत लिहिले तेव्हा चुंबनाचा अनुभवच नव्हता, असे त्या पुढे सांगत असत. ग्रानादोस या स्पॅनिश संगीतकाराच्या 'गोयेस्कास'मधील एका स्वररचनेची छाया चालीवर असल्याचे मानले जाते. १९४४ मध्ये जिमी डॉर्सीच्या वाद्यवृंदाने सादर केलेली इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचली. १९६० मध्ये 'कोस्टर्स' या गटाने ते आपल्या ढंगात गायले आणि लिव्हरपूलच्या तरुणांनी उचलला तो हाच ढंग. पॉल मॅकार्टनी यांनी ते अशा वेगाने गायले की मूळ बोलेरोची संथ आर्तता जवळजवळ नाहीशी झाली.

नवोदित रॉक गटाने असे गीत का निवडावे? कारण क्लबांतील श्रोतृवर्ग संमिश्र असे आणि परिचित चाल ही त्या काळी सुरक्षित ठेव होती. १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीसमोर दिलेल्या परीक्षेतील पंधरा गीतांपैकी केवळ तीन लेनन-मॅकार्टनी यांची होती. 'बेसामे मुचो' उरलेल्या बारांत होते. डेक्काने गटाला नाकारले. सहा जूनला ईएमआयसमोर मात्र हे प्रमाण उलटले आणि जुने गीत एकटे पडले. पुढे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी दुसऱ्या एका गीतकाराचे 'हाऊ डू यू डू इट' गटाकडून गाऊन घेतले, पण गटाला त्यात रस नव्हता. ऑक्टोबरमध्ये पहिली तबकडी निघाली ती 'लव्ह मी डू'ची. दुसऱ्याचे गीत मागे पडून स्वतःचे पुढे येणे, ही गोष्ट त्या काळच्या ब्रिटिश संगीतव्यवसायात मुळीच गृहीत धरता येण्याजोगी नव्हती.

त्या सायंकाळी ड्रमवर पीट बेस्ट होते. मद्रासमध्ये १९४१ साली जन्मलेल्या बेस्ट यांचे वादन मार्टिन यांना पसंत पडले नाही. ध्वनिमुद्रणासाठी व्यावसायिक वादक वापरण्याचा मानस त्यांनी व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांच्याकडे व्यक्त केला. १६ ऑगस्टला बेस्ट यांना गटातून काढण्यात आले. 'लव्ह मी डू'च्या जून आवृत्तीत लय मध्येच डगमगते, हे सामान्य श्रोत्यालाही जाणवते. 'बेसामे मुचो'त मात्र त्यांची साथ गीताला पुरेशी आहे. केवळ याच गीतावरून निवाडा झाला असता, तर तो कदाचित इतका कठोर झाला नसता.

त्या दिवसाच्या टेप जपल्या गेल्या नाहीत. चारांपैकी दोनच गीते वाचली. १९८०च्या दशकाच्या मध्यास ईएमआयने 'सेशन्स' नावाच्या संग्रहात 'बेसामे मुचो' घेतले, परंतु बीटल्सच्या विरोधामुळे तो संग्रह अडला आणि अनधिकृत प्रतींच्या बाजारात फिरू लागला. दरम्यान १९७०च्या 'लेट इट बी' चित्रपटात हेच गीत गमतीखातर गाताना गट दिसतो. त्या १९६९च्या चित्रीकरणात ड्रमवर अर्थातच रिंगो स्टार आहेत. १९६२चे मुद्रण अखेर 'अँथॉलॉजी १'मध्ये समाविष्ट झाले.

कायद्याच्या दृष्टीने ही वेळ महत्त्वाची ठरते. २०१३ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघाच्या निर्देशानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणांचे संरक्षण पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेले. मुद्रणानंतर पन्नास वर्षे अप्रकाशित राहिलेल्यांना ही वाढ मिळाली नाही. म्हणूनच त्या डिसेंबरमध्ये १९६३ची ५९ मुद्रणे घाईने आयट्यून्सवर प्रसिद्ध करण्यात आली. संग्रहप्रेमाचा भाग त्यात थोडाच होता. 'बेसामे मुचो' तोवर प्रकाशित झालेले असल्याने त्याला ही अडचण आली नाही.

'अँथॉलॉजी १'मधील दहा मुद्रणांत बेस्ट यांचे वादन आहे. १९६२ नंतर लिव्हरपूलमध्ये अनेक वर्षे सरकारी नोकरी केलेल्या या वादकाला त्यांच्या मानधनाने प्रथमच मोठी रक्कम मिळाली. तथापि संग्रहाच्या मुखपृष्ठावर फाडलेल्या छायाचित्रांची रचना असून गटाच्या जुन्या छायाचित्रातील बेस्ट यांचा चेहरा नेमका फाडून काढलेला आहे. त्या जागी रिंगो यांचा चेहरा डोकावतो. २००८ मध्ये बेस्ट यांच्या गटाचा 'हेमन्स ग्रीन' हा संग्रह निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर तो फाडलेला तुकडा आहे.