बैलाचे दात, ट्रॅक्टरचा धूर
नेकनूरच्या बाजारात आण्णा बैल पारखायला शिकले: दात बघायचे, चालवून बघायचं, रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा. १९७२ च्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या. १९७४ पासून मोहालीचे ‘स्वराज’ ट्रॅक्टर निघाले; आमच्याकडं ते आले जुने होऊन, दुसऱ्या-तिसऱ्या हातानं.

आण्णा आधी इंजिनावर तळहात ठेवायचे. गरम लागलं की म्हणायचे, “थंड होऊ द्या, मग मारा सेल्फ.” निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेलंय. मीटरचे तास बदलता येतात, झिजलेलं क्लचचं पायडल लपत नाही. (त्यावर नवं रबर दिसलं तर जास्तच संशय!) आरसी बुकावर बँकेचा बोजा असला, तर इसार द्यायचेच नाहीत. पाच एकरवाल्याचे पैसेही जायचे, नि ऐन पेरणीत वसुलीवाले ट्रॅक्टरही ओढून न्यायचे.