कालचा निर्णय आज चालेल का?

सुरक्षा संथ झाली की लोक ती बंदच करून टाकतात. अमेरिकेच्या एनएसएने डिसेंबर २००० मध्ये एसई-लिनक्स सर्वांसाठी खुलं केलं. त्यात प्रत्येक फाइलला, प्रोसेसला सुरक्षेचं लेबल असतं. दर वेळी लेबल वाचून नियम तपासायचे तर यंत्र अडखळणार. म्हणून कर्नल लेबलाऐवजी आकडा वापरतो आणि एकदा झालेला निर्णय कॅशमध्ये ठेवतो. पण त्या कॅशला कुलूप होतं. अनेक प्रोसेसर असले की ते ताटकळायचे. २००४ मध्ये जपानच्या कोहेई काइगाई यांनी तिथे आरसीयू पद्धत आणली. आता नुसतं वाचणाऱ्याला कुलूप लागत नाही.

आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना इथे जुनाच प्रश्न दिसतो: कालचा निर्णय आज ग्राह्य कशावरून? म्हणूनच नियम बदलले की ही कॅश आधी रिकामी करावी लागते. ते चुकलं तर वेग राहील, सुरक्षा नाही.