लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचे गिअर ऑइल

लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचे गिअर ऑइल हे मोटारवाहनाच्या मागील आसातील, चाकाच्या घसरणीस मर्यादा घालणाऱ्या डिफरन्शियलमध्ये वापरले जाणारे वंगण होय. दंतचक्रांची झीज रोखणे आणि घर्षण-चकत्या असल्यास त्यांच्यातील घर्षण योग्य प्रमाणात टिकवणे, अशी दोन कामे त्यास करावी लागतात. त्यामुळे केवळ दाटपणा पाहून केलेली निवड पुरेशी ठरत नाही.

पार्श्वभूमी

वळणावर बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना भिन्न गतीने फिरू देण्याचे काम डिफरन्शियल करते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात रुतले की तेच गरगर फिरते आणि पकड असलेल्या चाकास पुरेसा जोर मिळत नाही. जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या काळ्या जमिनीतील केळीच्या बागांतून पावसाळ्यात माल बाहेर काढताना ही अडचण नेहमी येते.

प्रकार आणि तेलाची गरज

चकत्यांचा प्रकार : यात घर्षण-चकत्या एकमेकींवर दाबून दोन्ही चाकांच्या गतीतील फरक कमी केला जातो. साधे गिअर ऑइल वापरल्यास चकत्या सलग न सरकता अडखळत सरकतात. परिणामी संथ वळणावर मागून खडखड ऐकू येते आणि चकत्या लवकर झिजतात. हे टाळण्यासाठी तेलात घर्षण-नियंत्रक द्रव्य असावे लागते. मात्र त्याचे प्रमाण जास्त झाल्यास चकत्यांची पकडच सैल होते.

दंतचक्रांचा प्रकार : टॉर्सेनसारख्या रचनेत चकत्यांऐवजी तिरप्या दात्यांची चक्रे असतात. तेथे घर्षण-नियंत्रक द्रव्याची गरज सहसा नसते.

यांत्रिक लॉक : महिंद्राच्या थार व बोलेरो निओ या गाड्यांच्या काही आवृत्त्यांत हा प्रकार आढळतो. दोन्ही चाकांच्या गतीतील फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की लॉक आपोआप बसते. घर्षण-नियंत्रक द्रव्य स्वतःच्या मनाने मिसळल्यास लॉक बसण्यात अडथळा येऊ शकतो.

श्रेणी आणि दाटपणा

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणातील जीएल-५ ही श्रेणी मागील आसातील हायपॉइड दंतचक्रांसाठी आहे. जीएल-४ मध्ये अतिदाबरोधी द्रव्याचे प्रमाण त्याहून कमी असते. तथापि जीएल-५ लिहिलेले प्रत्येक तेल घर्षण-चकत्यांस चालतेच असे नाही. डब्यावर ‘एलएस’ किंवा ‘लिमिटेड स्लिप’ असा स्वतंत्र उल्लेख पाहावा लागतो.

८०डब्ल्यू-९० यांसारख्या खुणेतील पहिला आकडा थंडीतील, तर दुसरा गरम अवस्थेतील दाटपणा दर्शवतो. एसएई जे३०६ या मानकानुसार ७५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ४० अंश, ८०डब्ल्यूची उणे २६ अंश आणि ८५डब्ल्यूची उणे १२ अंश सेल्सिअसला होते. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हिवाळ्यातही तो शून्याखाली उतरत नाही. म्हणून येथे पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा ठरतो. तरीही उत्पादकाने पुस्तिकेत सांगितलेला दाटपणा बदलू नये. अधिक दाट तेलाने आस फिरवण्यास जास्त शक्ती लागते व इंधन वाया जाते.

प्रकार ओळखणे

गाडी सपाट जागेवर उभी करून पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत, मागचा भाग भक्कम आधारावर उचलावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा व हँडब्रेक सोडावा. एक चाक हाताने फिरवले असता दुसरे त्याच दिशेने फिरल्यास चकत्यांचा प्रकार संभवतो; साध्या डिफरन्शियलमध्ये ते उलट फिरते. यांत्रिक लॉक व टॉर्सेन हे प्रकार या चाचणीत साध्या डिफरन्शियलसारखेच वागतात. त्यामुळे अंतिम निर्णय आसावरील खुणेच्या पट्टीवरून किंवा पुस्तिकेवरूनच करावा.

ट्रॅक्टर

ट्रॅक्टरच्या मागील आसात बहुधा पायाने दाबण्याचे डिफरन्शियल लॉक असते. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, हायड्रॉलिक व ब्रेक यांसाठी एकच तेल वापरतात. अशा ट्रॅक्टरमध्ये मोटारीचे जीएल-५ तेल ओतल्यास ब्रेकच्या चकत्यांचे काम बिघडू शकते. ट्रॅक्टर आणि जीप एकाच घरी असल्या, तरी दोहोंसाठी एकच डबा वापरू नये.

बदल आणि निगा

नाले ओलांडताना आसाच्या हवाछिद्रातून पाणी आत शिरू शकते. तेल दुधाळ दिसल्यास नियत अंतराची वाट न पाहता ते बदलावे. तेल कोमट असताना प्रथम भरण्याचे बूच उघडावे आणि नंतरच खालचे काढावे. वरचे बूच अडकलेले असल्यास रिकामा आस घेऊन गाडी हलवता येत नाही. चकत्यांच्या प्रकारात नवीन तेल भरल्यावर मोकळ्या मैदानात गाडी संथपणे आठच्या आकड्यात काही वेळा फिरवावी, म्हणजे तेल चकत्यांमध्ये पोहोचते. वापरलेले तेल शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते व परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे अपेक्षित असते.