दोन नटांनी वाचवलेला शेक्सपिअर

शेक्सपिअरच्या मृत्युपत्रातली सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे बायकोच्या नावे केलेला दुय्यम पलंग. त्यावर चारशे वर्षं गॉसिप चालू आहे. मला त्यातली दुसरीच नोंद महत्त्वाची वाटते: नाटक कंपनीतल्या तीन सहकाऱ्यांना आठवणीच्या अंगठ्यांसाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स. रिचर्ड बर्बेज, जॉन हेमिंग आणि हेन्री कॉन्डेल. नाटकांबद्दल मात्र त्यात अक्षर नाही.

कारण तेव्हा लिहिलेलं नाटक कंपनीच्या मालकीचं असे. नटाला पूर्ण संहिता मिळत नसे. फक्त स्वतःची वाक्यं आणि त्याआधीचे समोरच्याचे दोन-चार शब्द. अख्खं नाटक असलेल्या प्रती मोजक्याच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ऐकूनच घाम फुटेल, बॅकअपच नाही! त्यात २९ जून १६१३ला प्रयोगात उडवलेल्या तोफेची ठिणगी छपरावर पडली आणि ग्लोब थिएटर जळून खाक झालं. एका प्रेक्षकाची विजार पेटली, ती म्हणे बिअर ओतून विझवली.

२३ एप्रिल १६१६ला शेक्सपिअर गेला, तेव्हा त्याची जेमतेम निम्मी नाटकं छापलेली होती, तीही कशीबशी. १६०३चं छापील ‘हॅम्लेट’ तर इतकं मोडकंतोडकं आहे, की त्यातलं ते प्रसिद्ध स्वगत ओळखूसुद्धा येत नाही. १८ नाटकं छापलीच गेली नव्हती.

१६१९मध्ये बर्बेजही गेला. उरलेल्या दोघांनी जमवाजमव केली आणि १६२३मध्ये नऊशेच्या वर पानांचा ग्रंथ निघाला: ‘फर्स्ट फोलिओ’. ३६ नाटकं. छपाईचा गोंधळ बघण्यासारखा आहे. ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ इतकं उशिरा घुसवलं, की अनुक्रमणिकेत त्याचं नावच नाही. छापता छापता चुका दुरुस्त होत होत्या, पण कागद महाग, म्हणून आधीची चुकीची पानंही फेकली नाहीत. त्यामुळे एक प्रत दुसरीशी तंतोतंत जुळत नाही.

‘मॅकबेथ’, ‘ज्युलियस सीझर’, ‘ट्वेल्थ नाइट’, ‘द टेम्पेस्ट’ ही सगळी पहिल्यांदा छापली गेली ती इथे. फोलिओ नसता तर मॅकबेथ नाही. म्हणजे शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ नाही आणि विशाल भारद्वाजचा ‘मकबूल’ही नाही. प्रस्तावनेत दोघं म्हणतात, हे पैशासाठी नाही, मित्राच्या आठवणीसाठी केलं. मला ते खरं वाटतं. आयुष्यभर त्याची वाक्यं पाठ करून बोललेली माणसं होती ती.

तरी काही सुटलंच. १६१३मध्ये दरबारात ‘कार्डेनिओ’ नावाचं नाटक झालं. पुढे ते शेक्सपिअर आणि फ्लेचर यांच्या नावावर नोंदलं गेलं. फोलिओत ते नाही, संहिता हरवली. दरबारी हिशेबात त्या प्रयोगाच्या पैशांची नोंद मात्र टिकली आहे. पैसे घेणाऱ्याचं नाव: जॉन हेमिंग.