हरमल: सर्फिंगच्या आधीचं गाव

आपण बदनापूरकडची माणसं. आपल्यासाठी पाणी म्हणजे दुधना, नाहीतर सोमठाण्याचं धरण. त्यामुळे ग्रुपवर कुणी 'चला, हरमलला सर्फिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर रील्सच येतात. छोट्या लाटा, त्यावर बोर्ड घेऊन पडणारी-उठणारी पोरं, सूर्य मावळताना वाळूवर गोल करून वाजवलेले ड्रम. गुगल मॅपवर हेच गाव अरंबोल म्हणून दिसतं. गोव्याचं उत्तर टोक, पेडणे तालुका.

आता बऱ्याच जणांना वाटतं, इथली संध्याकाळ हिप्पींनी रंगवली. थांबा, जरा मागे जाऊ.

बार्देश आणि सासष्टी पोर्तुगिजांनी १५४३ मध्येच घेतले. पुढे तिथली देवळं पाडली गेली. पेडणे मात्र बराच काळ सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होतं, ते १७८८ मध्ये कायमचं पोर्तुगिजांकडे गेलं. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून इकडची देवळं टिकली. देवळं टिकली म्हणून जत्रा टिकल्या आणि जत्रांमधला दशावतार टिकला. पेटी, मृदंग, झांज, रात्रभर नाटक. आणि गंमत म्हणजे संवाद लिहिलेलेच नसतात, नट जागेवर रचतात! म्हणजे इथल्या रात्री जागत्या होत्याच.

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाकडून सुटला, गोवा १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगिजांकडून. त्यानंतर काही वर्षांतच हिप्पी हणजूणला आले. तिथं गर्दी वाढली तसे काही जण उत्तरेला हरमलकडे सरकले.

पण गोव्याच्या या किनाऱ्यांवर आधीपासून रापण ओढली जायची. दोन्ही बाजूंनी दोर धरून माणसं मोठं जाळं किनाऱ्यावर आणतात, मग मासळीचे वाटे पडतात. १९७० च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळची मासळी उचलू लागले, तेव्हा गोव्यातल्या रापणकारांनी मोठं आंदोलन केलं. आता मोपा विमानतळही पेडण्यातच आहे, २०२३ पासून विमानं उतरतात. म्हणजे गर्दी वाढणार, आणि वाळू तेवढीच राहणार. होडी, जाळं, शॅक आणि सर्फबोर्ड, सगळ्यांना जागा कुठून आणायची? हा खरा प्रश्न आहे.

तर जा, बोर्डवरून दहादा पडा, मजा करा. फक्त होड्या लावायची जागा मोकळी सोडा. आणि हिवाळ्यात गेलात तर ड्रम ऐकून झाल्यावर एवढं विचारा, 'आज दशावतार कुठल्या देवळात आहे?'

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!