समारंभाला फोटोवाला : इंदूरपासून निघालेली एक गोष्ट

गणेशोत्सवाच्या पहिल्या बैठकीत खर्चाची यादी वाचली जाते तेव्हा मंडप, मूर्ती, प्रसाद, ध्वनिक्षेपक यांवर फारशी चर्चा होत नाही. गाडी अडते ती 'फोटो व व्हिडिओ' या ओळीवर. कोणी म्हणतो, हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पैसे कशाला घालवायचे? कोणी म्हणतो, बोलवायचाच तर ड्रोनवाला बोलवा. जुने सभासद म्हणतात, अल्बम पाहिजे, पेन ड्राइव्ह आम्हांला उघडता येत नाही. या वादात भाग घेता घेता आमच्या मनात आलं की समारंभाला पैसे देऊन फोटोवाला बोलवण्याची ही रीत आली कुठून? शोध घेतला, तर धागा आमच्याच इंदुरात निघाला. आणि तोही एका सरकारी नोकराच्या टेबलापाशी. मग या विषयावर लिहिणं आम्हांला भागच पडलं.

हे गृहस्थ म्हणजे लाला दीनदयाल. जन्म 1844, मेरठजवळच्या सरधना गावी, जैन कुटुंबात. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी सिव्हिल इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं आणि 1866 साली ते इंदुरात बांधकाम खात्याच्या कचेरीत एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. म्हणजे नकाशे काढायचे, मोजमापं घ्यायची, अंदाजपत्रकं बनवायची. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना हे काम काय असतं ते सांगायला नको. ज्या माणसाचा दिवस फूट-इंच आणि घनफुटात जातो, त्याची नजर सरळ रेषेला पक्की होते. दीनदयालांच्या फोटोतल्या इमारती कधी कललेल्या दिसत नाहीत, याचं श्रेय आम्ही त्यांच्या ड्रॉइंग बोर्डला देतो. छायाचित्रकलेचे जाणकार याला आणखी कारणं सांगतील, पण हे आमचं मत आहे आणि ते खात्याच्या अभिमानातून आलेलं आहे हे आम्ही लपवत नाही.

1874च्या सुमाराला त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळात फोटो काढणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हतं. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळण्याच्या आत पळत जाऊन धुवायची. या सगळ्याला मिळायची दहा-पंधरा मिनिटं. माळव्याच्या वैशाखात तर त्याहूनही कमी मिळत असतील. म्हणून फोटोवाल्याबरोबर अंधाऱ्या खोलीचा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी असा संसार चालायचा. तयार कोरड्या काचा पुढे 1880च्या दशकात सर्रास मिळू लागल्या, तेव्हा हा व्याप हलका झाला.

असा खर्चिक नाद सरकारी पगारात निभणं कठीण. इथे होळकर दरबार आडवा आला, चांगल्या अर्थाने. महाराज तुकोजीराव (दुसरे) यांनी दीनदयालांना प्रोत्साहन दिलं आणि सर हेन्री डेली यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. डेली हे मध्य भारताचे गव्हर्नर जनरलचे एजंट. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपण आजही रोज पाहतो, तेच हे. या ओळखीतून कामं येऊ लागली. 1875-76 साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, त्या दौऱ्याचे फोटो दीनदयालांनी काढले. याच दशकात त्यांनी इंदुरात आपला स्टुडिओ थाटला. पुढे डेलींच्या जागी आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांनी 1882-83 साली त्यांना बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर सोबत नेलं. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची अशा ठिकाणच्या वास्तूंच्या फोटोंचं ग्रिफिन यांचं पुस्तक 1886 साली निघालं.

आता आम्हां नोकरदारांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. हा सगळा काळ दीनदयाल नोकरीत होते. शेवटी त्यांनी दोन वर्षांची लांब रजा काढली, फोटोंचं काम पुरं केलं आणि त्यानंतर लवकरच निवृत्ती घेतली. पक्की नोकरी सोडून समारंभाच्या बोलावण्यावर जगायचं, हा निर्णय आजही घरात सांगायला धाडस लागतं. त्या काळी तर 'फ्रीलान्स' हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता.

पण मोकळं राहणं त्यांच्या नशिबी फार दिवस नव्हतं. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं आणि 1886 साली सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. इंदूरचा माणूस हैदराबादचा झाला. निजामांकडे पाहुण्यांना तोटा नव्हता. व्हाइसरॉय येत, युरोपातले राजपुत्र येत, आणि पाहुणा आला की मेजवानी, संचलन, शिकार हे सगळं कॅमेऱ्यासमोर होई. वरंगळ भागातल्या नेकोंड्याजवळ 1902 साली लॉर्ड आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघापाशी उभे आहेत, तो प्रसिद्ध फोटो दीनदयालांचाच. 'इव्हेंट कव्हरेज' म्हणून आज जे विकलं जातं, ते शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी इतक्या तयारीने होत होतं. निजामांनी त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. फोटोवाल्याला जंगबहाद्दरांच्या रांगेत बसवणारा दरबार विरळाच म्हणायचा.

आमच्या महिला सभासदांना आवडेल अशी एक गोष्ट सांगायची राहिली. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो कसे घ्यायचे? पुरुष फोटोवाल्यापुढे त्या येणार नाहीत. दीनदयालांनी 1892 साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला. तो चालवायला एका इंग्रज बाईंना नेमलं आणि आत पुरुषाला मज्जाव केला. आजही मंगळागौरीच्या खेळांना आणि हळदीकुंकवाला 'बाई फोटोग्राफर मिळाली तर बरं' असा निरोप आमच्या कार्यकारिणीकडे येतो. तेव्हा ही मागणी नवी नाही, आणि तिची सोय करणाराही पहिल्यांदा आम्ही नाही.

फोटोवाल्याची गोष्ट अशी इंदूर-हैदराबाद मार्गाने जाते. व्हिडिओवाल्याची मात्र मुंबईत सुरू होते, आणि ती अस्सल मराठी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांचा मुंबईत फोटो स्टुडिओ होता. 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला, तो पाहून सावेदादा भारावून गेले. त्यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून 21 गिनींना कॅमेरा मागवला. एक गिनी म्हणजे 21 शिलिंग. तेव्हाच्या पंधरा रुपयांना एक पौंड या भावाने हिशेब केला तर किंमत सव्वातीनशेच्या वर जाते. त्यात बोटीचं भाडं धरलेलं नाही.

1899 साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती झाली. सावेदादांनी ती टिपली आणि फिल्म धुण्यासाठी इंग्लंडला पाठवली. बोटीने जाणार, धुतली जाणार, बोटीने परत येणार, मग दिसणार की कॅमेऱ्यात नक्की काय आलं आहे! आरती संपायच्या आत रील टाका म्हणून फोटोवाल्याच्या मागे लागणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी याचा जरा विचार करावा.

मग आला डिसेंबर 1901. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले होते. ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचं मोठं स्वागत झालं आणि सावेदादा कॅमेरा घेऊन तिथे हजर होते. भारतातलं पहिलं वार्ताचित्र म्हणून या फिल्मचं नाव घेतात. आम्ही तिला मराठी माणसाच्या सत्कार समारंभाचा पहिला व्हिडिओ म्हणतो. आपल्या मंडळात दर वर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो, पालक मोबाइल उंच धरून उभे राहतात. त्या सगळ्या हातांच्या मागे कुठेतरी सावेदादांचा हात आहे.

दोन्ही धागे एका ठिकाणी जवळ येतात ते दिल्लीत. 1 जानेवारी 1903 रोजी कर्झनने बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा दरबार भरवला. त्याचे फोटो दीनदयालांच्या पेढीने काढले आणि हलती चित्रं सावेदादांनी घेतली. एकाच समारंभात एकीकडे इंदुरात उमेदवारी केलेला फोटोग्राफर आणि दुसरीकडे मुंबईचा मराठी व्हिडिओवाला! ते एकमेकांसमोर आले असतील का, एकाने दुसऱ्याला 'जरा बाजूला सरका, फ्रेममध्ये येताय' म्हटलं असेल का, ही आमची आपली करमणूक. लग्नात फोटोवाला आणि व्हिडिओवाला यांची अंतरपाटापाशी होणारी ढकलाढकल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती पटेल.

यानंतर दोघांच्या कामाचं काय झालं, ते पाहू. दीनदयाल 1905 साली गेले. त्यांच्या काचा पेढीने सांभाळल्या होत्या. प्रत्येक काचेवर क्रमांक, कित्येकींवर विषय आणि नाव. गिऱ्हाईक पुन्हा आलं तर क्रमांकावरून काच काढायची आणि नवी प्रत छापायची, हा त्यांचा धंदा होता. त्या व्यापारी शिस्तीमुळेच 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राला त्यांतल्या 2,857 काचा एकगठ्ठा घेता आल्या. सावेदादांच्या परांजपे-स्वागताची फिल्म मात्र आज पाहायला मिळत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म भुरकन पेट घेणारी आणि नुसती ठेवली तरी विरघळत जाणारी. सावेदादा 1958पर्यंत हयात होते, म्हणजे माणूस आपल्या फिल्मांपेक्षा जास्त टिकला.

हा फरक आमच्या मंडळाला फार जवळचा आहे. 1982च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आला आणि खांद्यावर कॅमेरा, हातात डोळे दिपवणारा सनगन घेतलेला व्हिडिओवाला आपल्या मांडवात शिरला. त्या वर्षांतल्या नाटकांच्या, झांजपथकाच्या, विसर्जनाच्या व्हीएचएस कॅसेटी आमच्या कपाटात आहेत. बहुतेकींना बुरशी धरली आहे आणि त्या चालवायला यंत्र मिळत नाही. फोटोंची कथा त्याहून वाईट. आमचं काम वर्षानुवर्षं करणारा एक स्टुडिओ बंद झाला, तेव्हा मालकाच्या वारसांनी निगेटिव्हची पोती भंगारात काढली. आम्हांला कळलं तोवर महिना उलटला होता. त्या पोत्यांत अनंत चतुर्दशीच्या चल-समारोहाची, गिरण्यांच्या झाक्यांची कित्येक वर्षं होती. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली. भोंगा गेला, पाळ्या गेल्या. पण झाक्या काही थांबल्या नाहीत. मिल चालू असतानाची झाकी कशी दिसे, हे नातवंडांना दाखवायला आता आजोबांच्या शब्दांशिवाय फारसं काही उरलं नाही.

तेव्हा फोटोवाला ठरवताना आमच्या मते भावापेक्षा कागद महत्त्वाचा. पुष्कळांना माहीत नसतं, पण 1957च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो किंवा केलेली फिल्म यांचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणजे मंडळ. मात्र हक्क आपला आणि वस्तू त्याच्या कपाटात, असं झालं की पोत्याचीच गत होते. यंदापासून आम्ही एका पानाचा करार करतो आहोत. काटछाट केलेल्या फिल्मबरोबर मूळ चित्रण सगळं द्यायचं, दोन वेगळ्या डिस्कवर द्यायचं, आणि शेवटचा हप्ता ते उघडून पाहिल्यावर मिळेल. त्याबरोबर फोटोवाल्याचं नाव स्मरणिकेत छापायचं हेही त्यात लिहिलं आहे. दीनदयालांची सही फोटोच्या खाली असे, आपल्या फोटोवाल्याची का नसावी? त्याच्या जेवणाची सोयही आम्ही लिहून टाकली आहे. पंगत उठल्यावर उरलंसुरलं वाढायचं हे आम्हांला पटत नाही.

एक काम मात्र कोणत्याही फोटोवाल्याच्या हातचं नाही. मंडळाच्या दप्तरात सव्वाशेच्या आसपास जुने कृष्णधवल फोटो सापडले आहेत. नाटकाच्या वेशातली मंडळी, नऊवारीतला भगिनी वर्ग, कोणीतरी हार घालतंय, कोणीतरी हार घालून घेतंय. मागे ना नाव, ना साल. उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजल्यापासून ते सभागृहात टेबलावर मांडून ठेवू. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्या सभासदांनी चष्म्यासकट यावं. पेन्सिली आम्ही ठेवू, मऊ शिशाच्या, म्हणजे फोटोला वळ उठणार नाही. ज्याला जो ओळखू येईल त्याने मागे त्याचं नाव लिहावं. आणि दोघांचं एकमत होत नसेल तर दोन्ही नावं लिहावीत.